तीन डोळ्यांचा मासा आणि शेठची निवडणूक

'सिम्प्सन्स या अमेरिकन कार्टून मालिकेने ट्रम्प आधीच सांगितला होता' हा फॉरवर्ड दर दोन-चार महिन्यांनी कुठल्यातरी ग्रुपवर येतोच. तो एपिसोड मार्च २००० चा, त्यात मोठी होऊन प्रेसिडेंट झालेली सिम्प्सन घरातली मुलगी लिसा म्हणते की ट्रम्पने तिजोरी रिकामी करून ठेवलीय. पण यात भविष्यवाणी कसली डोंबलाची, ट्रम्प तेव्हा खरंच प्रेसिडेंटपदासाठी रिफॉर्म पार्टी या छोट्या पक्षाचं तिकीट मिळवायच्या मागे होता, फेब्रुवारी २००० मध्ये माघार घेतली एवढंच. आणि त्याच्याही आधी १९८७ मध्ये त्याने पेपरांत पानभर राजकीय जाहिराती दिल्या, तेव्हा डून्सबरी या कॉमिक स्ट्रिपने लगेच त्याला धुतला होता.

मुळात निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या शेठांची ही टिंगल फार जुनी. विल्यम रँडॉल्फ हर्स्ट, बापाचा खाणींचा पैसा, स्वतःचे ढीगभर पेपर. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, दोनदा निवडून आला, पण १९०५ ला न्यूयॉर्कचा महापौर व्हायला गेला नि पडला, १९०६ ला गव्हर्नरला पडला, १९०९ ला परत महापौरला पडला, हौस दांडगी! त्याच्यावरून बेतलेला सिटिझन केन हा सिनेमा १९४१ चा, त्यातला पेपरवाला शेठ केनही गव्हर्नरला उभा राहतो. तो काही विनोदी सिनेमा नाही, पण निकालाच्या रात्री केनच्या पेपरात दोन हेडलाइन तयार असतात, एक जिंकल्याची, दुसरी 'मतदानात घोटाळा', आणि दुसरीच छापावी लागते, हा टोमणा कुठल्याही कार्टूनपेक्षा जहरी आहे.

सिम्प्सन्सने केन उचलला तो १९९० मध्ये. म्हाताऱ्या श्रीमंत मिस्टर बर्न्सच्या अणुभट्टीजवळ लिसाच्या भावाला, बार्टला, तीन डोळ्यांचा मासा सापडतो, तपासणीवाले येतात, दुरुस्तीचा खर्च निघतो ५.६ कोटी डॉलर. लाच चालत नाही. मग बार्टचा बाप होमर, जो त्याच भट्टीत कामाला, सहज बोलून जातो की तुम्हीच गव्हर्नर असता तर काय सेफ ते तुम्हीच ठरवलं असतं. झालं, म्हातारा उभा! स्वतःच्याच भल्यामोठ्या पोस्टरपुढे भाषण, अगदी केनसारखं, आणि टीव्हीवर डार्विन बनलेला एक नट सांगतो की तिसरा डोळा म्हणजे उत्क्रांतीची कमाल. लोकांना पटतंही!

मतदानाच्या आदल्या रात्री 'साध्या कामगाराकडे जेवण' असा कार्यक्रम ठरतो, होमरच्या घरी, कॅमेऱ्यांसमोर. होमरची बायको मार्ज एक शब्द बोलत नाही, फक्त तोच तीन डोळ्यांचा मासा वाढते. बर्न्स घास घेतो, तोंडात घोळवतो, गिळवत नाही, आणि सगळ्यांदेखत थुंकतो.