यूट माउंटन कॅसिनो-हॉटेल (टोयॉक)

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात टोयॉक येथे यूट माउंटन यूट या मूळ अमेरिकी (इंडियन) जमातीच्या मालकीचे असलेले कॅसिनो व त्याला जोडलेले हॉटेल. कोलोरॅडोतील जमातींच्या कॅसिनोंपैकी हे पहिले. ते १९९२ मध्ये सुरू झाले. पुढच्याच वर्षी सदर्न यूट जमातीने पूर्वेकडे इग्नेशिओ येथे आपले कॅसिनो काढले. टोयॉकचा हॉटेलचा भाग नंतर बांधण्यात आला. खोल्या सुमारे ९० आहेत. कनेक्टिकटमधील पीकॉट जमातीच्या फॉक्सवुड्ससारख्या अवाढव्य संकुलाशी त्याची बरोबरी होणार नाही; परंतु अमेरिकेतील जमातींची निम्म्याहून अधिक कॅसिनो अशीच लहान आणि आडवाटेची आहेत. जमातींच्या कॅसिनोंची व्यवस्था कशी चालते हे त्यांच्याकडे पाहिल्यावरच नीट उमगते.

कोर्टेझ या बाजारपेठेच्या गावापासून दक्षिणेस सुमारे १८ किमी.वर, राष्ट्रीय महामार्ग ४९१ च्या कडेला हे ठिकाण येते. (२००३ पर्यंत या महामार्गाचा क्रमांक ६६६ होता, जुने नकाशे वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) दक्षिणेस त्याच रस्त्याने न्यू मेक्सिकोतील शिपरॉक लागते. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,८०० मी. आहे. सभोवार सेजची खुरटी, करड्या रंगाची झुडपे असलेला कोरडा माळ पसरलेला आहे आणि पश्चिमेस ‘स्लीपिंग यूट’ हा डोंगर उभा आहे. भूशास्त्रदृष्ट्या हा लॅकोलिथ प्रकारचा डोंगर, म्हणजे वरचे थर फोडून बाहेर न पडता त्यांच्याखालीच थिजलेल्या शिलारसाचा. पुढे वरचे थर झिजून तो उघडा पडला. त्याचे सर्वोच्च शिखर यूट पीक सुमारे ३,०४० मी. उंच आहे. कोर्टेझकडून पाहिले असता डोके उत्तरेला, पाय दक्षिणेला आणि हात छातीवर ठेवून उताणा झोपलेला पुरुष दिसतो. यूट पीक म्हणजे ते छातीवरचे हात. जमातीच्या परंपरेनुसार हा एक महान योद्धा आहे. लढाईत जखमी होऊन तो आडवा झाला आणि ऋतूगणिक पांघरूण बदलतो: वसंतात फिकट हिरवे, उन्हाळ्यात गर्द हिरवे, शरदात पिवळे-तांबडे, हिवाळ्यात पांढरे. डोंगर जमातीला पवित्र आहे. कॅसिनोच्या वाहनतळावरून तो सहज दिसत असला, तरी त्यावर परवानगीशिवाय चढता येत नाही.

यूट माउंटन यूट हे प्रामुख्याने वीमिनूच या गटाचे वंशज. १८७३ च्या ब्रुनो करारान्वये सॅन वान पर्वतातील खनिजसंपन्न मुलूख यूटांच्या हातून गेला. १८९५ च्या कायद्याने उरलेल्या जमिनीची कुटुंबवार वाटणी करण्याचे ठरले, तेव्हा इग्नेशिओ या प्रमुखाच्या नेतृत्वाखाली वीमिनूचांनी वाटणी नाकारली आणि ते पश्चिमेच्या कोरड्या भागात निघून आले. जमीन सामाईक राहिली. पुढे तिच्यावर जमातीचे सार्वजनिक उद्योग उभे राहू शकले त्याचे एक कारण हेच असावे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीसाठी १९१३ मध्ये जमिनींची अदलाबदल झाली. बदल्यात मिळालेल्या जमिनीपैकी काही भाग आधीपासूनच आपला होता, असे जमातीचे म्हणणे आहे. प्रशासकीय ठाणे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास टोयॉकला हलले. आज जमातीची सदस्यसंख्या सुमारे २,००० असून तिचे क्षेत्र कोलोरॅडोखेरीज न्यू मेक्सिको व यूटा या राज्यांतही आहे.

कॅसिनोचा उगम कशात शोधावा, याविषयी दोन मते प्रचलित आहेत. पहिल्या मतानुसार तो जमातींच्या प्राचीन द्यूतपरंपरेत आहे. या परंपरेचे पुरावे विपुल आहेत. स्ट्यूअर्ट क्यूलिन यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बृहद् संकलनात उत्तर अमेरिकेतील शेकडो खेळसाधनांची वर्णने आहेत. यूटांमध्ये हाडांचा खेळ आजही खेळला जातो. दोन पक्ष समोरासमोर बसतात. हाडांच्या जोडीपैकी एका हाडावर खूण असते, दुसरे कोरे असते. एका पक्षाचा खेळाडू ती मुठींत लपवतो आणि गाण्याच्या ठेक्यावर हात हलवत राहतो. कोरे हाड कोणत्या मुठीत आहे हे दुसऱ्या पक्षाने ओळखायचे. हारजीत मोजण्याच्या काड्या इकडून तिकडे जातात आणि सर्व काड्या एका बाजूला जमेपर्यंत डाव चालतो. गाणे हा खेळाचा भागच आहे. चढत्या गाण्याने ओळखणाऱ्याचे चित्त विचलित करायचे असते. शेजारच्या नवाहो लोकांच्या कथांत चाको खोऱ्यातील एका महाजुगाऱ्याची कथा आहे. त्याने माणसांनाच पणाला लावून गुलाम केले होते. तेव्हा द्यूत आणि त्याचे भय, दोन्ही या भूमीला अपरिचित नव्हते.

दुसरे मत कायद्याच्या इतिहासावर उभे आहे आणि अधिक ग्राह्य वाटते. मशीन, पत्ते आणि हॉटेल यांचा हाडांच्या खेळाशी संबंध दूरचा आहे. मात्र जमातीच्या जमिनीवर नियम कोणी करायचे, या वादापर्यंत कॅसिनोचा उगम थेट पोचतो. १९५३ च्या ‘पब्लिक लॉ २८०’ने काही राज्यांना जमातींच्या क्षेत्रात फौजदारी अधिकार दिले. त्याआडून राज्ये करही बसवू लागली. मिनेसोटातील लीच लेक क्षेत्रात राहणाऱ्या ब्रायन कुटुंबाला त्यांच्या फिरत्या घरावर इटास्का परगण्याने १४७.९५ डॉलर कर लावला. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये एकमताने तो रद्द केला आणि त्या कायद्याने राज्यांना जमातींवर कर बसवण्याचा किंवा सर्वसाधारण नियमन करण्याचा अधिकार मिळत नाही, असे ठरवले. एका घराच्या कराच्या या तंट्यातून पुढचे सारे घडत गेले, असे म्हणता येईल. एखादी गोष्ट राज्यात संपूर्ण निषिद्ध असेल तर राज्याला हात घालता येतो. ती केवळ नियंत्रित असेल तर नाही, हा भेद पुढील खटल्यांचा कणा ठरला.

हे खटले बिंगोवरून (आपल्याकडील हाउझीसारख्या आकड्यांच्या खेळावरून) झाले. जमातींच्या बिंगोचा आरंभ कोणाचा, याबद्दल मात्र एकवाक्यता नाही. विस्कॉन्सिनमधील ओनायडा जमातीच्या दोन स्त्रियांनी १९७६ च्या सुमारास सार्वजनिक केंद्राचे विजेचे बिल भागवण्यासाठी बिंगो सुरू केला. फ्लॉरिडातील सेमिनोल जमातीचे मोठ्या बक्षिसांचे सभागृह डिसेंबर १९७९ चे आहे. कालक्रमाने मान ओनायडांकडे जातो; पण कायद्याची कसोटी सेमिनोलांच्या बिंगोला लागली आणि १९८१ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. शेवटचा शब्द सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ च्या कॅबेझॉन निकालाचा. कॅलिफोर्नियातील कॅबेझॉन जमातीची त्या वेळी नोंदलेली सदस्यसंख्या अवघी २५ होती. तरीही सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने, राज्याला तिचा बिंगो व पत्त्यांचा क्लब बंद करता येणार नाही, असा निवाडा मिळाला.

यानंतर १७ ऑक्टोबर १९८८ रोजी ‘इंडियन गेमिंग रेग्युलेटरी ॲक्ट’ संमत झाला. या कायद्याने जमातींना कॅसिनो चालवण्याचा हक्क ‘दिला’, असे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही. हक्क न्यायालयाने आधीच मान्य केला होता, कायद्याने त्याला वेसण घातली. खेळांचे तीन वर्ग पाडण्यात आले. पहिल्यात पारंपरिक व समारंभातील खेळ येतात. हाडांचा खेळ यातला, त्यावर फक्त जमातीची सत्ता. दुसऱ्यात बिंगो व तत्सम खेळ. त्यावर जमात आणि राष्ट्रीय आयोग यांची देखरेख असते. तिसऱ्यात स्लॉट मशीन, ब्लॅकजॅक, रूलेट इत्यादी. त्यांसाठी राज्याशी करार लागतो. १९९६ च्या सेमिनोल खटल्यानंतर, करार टाळणाऱ्या राज्याला त्याच्या संमतीविना न्यायालयात खेचण्याचा मार्गही जमातींना उरला नाही. परिणामी करार नसलेल्या ठिकाणी दुसऱ्या वर्गाची अशी मशीन आली, की दिसायला ती हुबेहूब स्लॉट मशीन. फिरणारी चित्रे केवळ देखावा असतात. पडद्याच्या कोपऱ्यात तळहाताहूनही लहान अशी बिंगोची चौकट असते; खरा डाव तीत, जाळ्याने जोडलेल्या इतर खेळाडूंविरुद्ध, क्षणार्धात संपलेला असतो.

तिसऱ्या वर्गाचा खेळ राज्यात कोणालाही, कोणत्याही कारणासाठी मोकळा असेल तरच तो जमातीला खुला होतो. कोलोरॅडोच्या मतदारांनी १९९० मध्ये सेंट्रल सिटी, ब्लॅक हॉक व क्रिपल क्रीक या तीन जुन्या खाणगावांत मर्यादित जुगाराला परवानगी दिली. १ ऑक्टोबर १९९१ पासून तेथे पाच डॉलरपर्यंतच्या पणांनी खेळ सुरू झाला. टोयॉकचे दार त्यामुळे उघडले. डोंगरातल्या ओसाड खाणगावांना सावरण्यासाठी केलेली तरतूद दुसऱ्या टोकाच्या जमातीच्या कामी आली, हा योगायोग उल्लेखनीय आहे.

दुसरी एक बाब कॅसिनोंवरील लेखनात सहसा येत नाही, पण या हॉटेलच्या बाबतीत ती कायद्याइतकीच निर्णायक आहे, ती म्हणजे पाणी. टोयॉकला पिण्याचे पाणी वर्षानुवर्षे टँकरने आणावे लागत असे. डोलोरेस नदीवरील मॅक्फी धरणाच्या प्रकल्पातून १९९० च्या आगेमागे नळाचे पाणी गावात पोचले. यूटांच्या पाणीहक्कांचा तडजोड कायदा ३ नोव्हेंबर १९८८ चा. कॅसिनो कायद्यानंतर जेमतेम अडीच आठवड्यांनी झालेला. टँकरवर जगणाऱ्या गावात ९० खोल्यांचे हॉटेल चालले नसते. पाण्याची ओढ अजून संपलेली नाही: २०२१ च्या दुष्काळात जमातीच्या शेतीला नेहमीच्या वाट्याच्या सुमारे एक-दशांश पाणी मिळाले.

कॅसिनोचा नफा जमातीच्या शासनाचा असतो. गोव्यातील कॅसिनोंप्रमाणे राज्याने खाजगी कंपनीला दिलेला हा परवाना नव्हे. निव्वळ उत्पन्न कोठे वापरायचे याची पाच कारणे कायद्यात सांगितली आहेत: जमातीचा कारभार, सदस्यांचे कल्याण, आर्थिक विकास, धर्मादाय देणग्या आणि शेजारच्या स्थानिक संस्थांना साहाय्य. सदस्यांना रोख वाटप करायचे तर संघराज्याची मान्यता असलेली योजना लागते आणि त्या रकमेवर प्राप्तिकर बसतो. देशभरात २०२३ च्या आर्थिक वर्षात जमातींच्या कॅसिनोंचे एकत्रित उत्पन्न ४१.९ अब्ज डॉलर होते. हा आकडा दिशाभूल करणारा आहे. त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम दहा टक्क्यांहूनही कमी केंद्रांतून येते आणि ती प्रामुख्याने महानगरांजवळची आहेत. टोयॉकसारख्या ठिकाणी खरा लाभ नोकऱ्यांचा. जमातीचे बांधकाम, शेती व कुंभारकाम हे इतर उद्योगही आहेत.

परिणामांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. विल्यम इव्हान्स व जूली टोपोलेस्की यांना २००२ च्या अभ्यासात असे आढळले, की कॅसिनो उघडल्यानंतर चार वर्षांत जमातीच्या क्षेत्रातील रोजगार सुमारे २६ टक्क्यांनी वाढला आणि तरुण माणसे परत आली. मात्र कॅसिनो असलेल्या परगण्यांत दिवाळखोरी व काही गुन्हे सुमारे १० टक्क्यांनी वाढले. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचावेत. फक्त पहिला किंवा फक्त दुसरा उद्धृत करण्याची प्रथा योग्य नाही.

२०२० मध्ये कोलोरॅडोत खेळांवरील पैजा कायदेशीर झाल्या आणि वाद नव्या रूपात उभा राहिला. मोबाइलवरून लावलेली पैज कोठे लागली, खेळणारा उभा आहे तेथे की सर्व्हर आहे तेथे? सर्व्हर आमच्या जमिनीवर, म्हणून पैजही आमच्याच जमिनीवर, अशी जमातींची भूमिका आहे. २०२४ मध्ये दोन्ही यूट जमातींनी राज्याविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात दावा दाखल केला.

येथे उतरणारे दोन प्रकारचे. एक आसपासच्या गावांतून खेळायला येणारे, दुसरे मेसा व्हर्डे व चार राज्यांचा संगमबिंदू पाहण्यासाठी निघालेले, ज्यांना मेसा व्हर्डेच्या परिसरापेक्षा स्वस्त खोली हवी असते. अमेरिकेतील मराठी कुटुंबांच्या या भागातील सहलीही याच वाटेने जातात. गाडीघरांसाठी तळ आणि उपाहारगृह आवारातच आहे. टोयॉकमध्ये जमातीने दारूला बराच काळ मज्जाव ठेवला आहे. १९५३ च्याच दुसऱ्या एका संघराज्य कायद्यानुसार हा निर्णय जमातीनेच घ्यायचा असतो. राज्याचा धूम्रपानबंदी कायदाही येथे आपोआप लागू होत नाही, त्यामुळे धूर न सोसणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे. पाहुण्याला इजा झाली किंवा देण्याघेण्याचा तंटा उद्भवला, तर जमातीला सार्वभौम म्हणून असलेल्या न्यायालयीन संरक्षणामुळे राज्याच्या न्यायालयात दावा सहसा टिकत नाही. करारात किंवा जमातीच्या नियमांत दिलेली वाट धरावी लागते.

टोयॉकपर्यंत येऊन केवळ कॅसिनो पाहून परतू नये. मेसा व्हर्डेला लागून असलेले सुमारे ५०,००० हेक्टरांचे यूट माउंटन ट्रायबल पार्क जमातीच्याच ताब्यात आहे. पारंपरिक प्रमुखांपैकी शेवटचे मानले जाणारे जॅक हाउस यांनी त्याची कल्पना मांडली होती. प्राचीन प्वेब्लो लोकांची कड्यांतील घरे, खापरे आणि शिलाचित्रे तेथे जागच्या जागी राखलेली आहेत. प्रवेश फक्त यूट वाटाड्याबरोबर मिळतो. आगाऊ नोंदणी करून महामार्ग १६० व ४९१ जेथे मिळतात तेथील कार्यालयात सकाळी हजर व्हावे लागते.