सीव्हीटीने सायकलस्वाराची ताकद वाढत नाही

सायकलला सीव्हीटी, म्हणजे टप्पे नसलेला गिअर बसवला की दौलताबादचा घाट फुकटात चढता येतो, हा समज आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांत वर्षानुवर्षे चालत आलाय. तो चूक आहे. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो वजन १०० मीटर वर न्यायला सुमारे ८८ किलोज्यूल ऊर्जा लागतेच, गिअर कोणताही असो. पायडल हलकं झालं, तर तेवढंच अंतर कापायला पाय जास्त वेळा फिरवावे लागतात.

नुविन्सी हा सायकलच्या मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, बसणारा सीव्हीटी. त्यात दोन कड्यांमध्ये पोलादी गोळ्या असतात. त्यांचे आस कलले की गुणोत्तर, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक किती फिरतं ते, सलग बदलतं. जोर दात्यांवरून नव्हे, खास तेलाच्या पातळ थरातून जातो. तिथे थोडी घसर होते, म्हणून चांगल्या साखळी-गिअरपेक्षा ऊर्जा उलट जास्तच वाया जाते. शिवाय हबचं वजन दोन किलोंहून अधिक.

फायदा खरा आहे, पण वेगळा: सायकल उभी असतानाही गुणोत्तर बदलता येतं आणि पाय सोयीच्या लयीत राहतात.

प्रोजेक्टसाठी स्कूटरचा व्हेरिएटर, म्हणजे तिच्या सीव्हीटीतला गुणोत्तर बदलणारा भाग, मात्र जसाच्या तसा उचलू नका. त्याचे रोलर इंजिनच्या मिनिटाला हजारो फेऱ्यांवर बाहेर फेकले जातात. पायडल मिनिटाला साठ-सत्तर फेरेच मारतं, तेवढ्यात रोलर बाहेर फेकले जात नाहीत.