सही कुणाची?

१९८८ च्या पावसाळ्यात माझी आत्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेली, ती फक्त गाठ तपासायला. उजव्या स्तनात सुपारीएवढी गाठ होती आणि ती दुखत नव्हती. भूल दिली, गाठीचा तुकडा काढला, गोठवून तिथल्या तिथे तपासला आणि कॅन्सर निघाला. थिएटरच्या दाराशी आतोबा उभे होते. त्यांच्यापुढे कागद आला आणि त्यांनी सही केली. आत्या शुद्धीवर आली तेव्हा छातीला गच्च पट्टा होता, काखेखालून नळी निघाली होती आणि स्तन नव्हता.

"मला उठवून विचारलं असतं तरी मी होच म्हणाले असते गं," ती पुढे अनेकदा म्हणायची. "पण विचारायला हवं होतं."

आतोबांची यात चूक नव्हती. सर्जननेही लपूनछपून काही केलं नव्हतं. त्या काळी रीतच तशी होती. ती रीत आली कुठून आणि मोडली कशी, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आत्याच्या पंचवटीतल्या घरात पोचायलाही ते ज्ञान फार उशीर करून आलं.

स्तनातली गाठ हा काही आजचा आजार नाही. प्राचीन इजिप्तच्या एका वैद्यकीय पपायरसमध्ये स्तनातल्या फुगवट्याचं वर्णन करून पुढे लिहिलं आहे की यावर उपाय नाही. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत स्तनरोगांचं वेगळं वर्णन आहे, आणि अर्बुदाबद्दल एक ताकीद आहे: अर्बुद काढताना त्याचा अंश मागे ठेवू नये, राहिलेला अंश पुन्हा वाढतो आणि आगीसारखा जीव घेतो. आग विझवताना निखारा मागे ठेवू नये, असा हा विचार. पुढे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या सर्जनांनी याच विचारावर बाईच्या छातीचा निम्मा पिंजरा उघडा पाडला, तेव्हा त्यांनी सुश्रुत वाचला होता असं नव्हे. गाठ पाहिली की माणसाच्या मनात पहिला विचार तोच येतो. आजही नाशिकच्या कुठल्याही दवाखान्याबाहेरच्या बाकावर नातेवाईक हेच म्हणताना ऐकू येतात: "एकदाचं मुळासकट काढून टाका."

भूल नव्हती तेव्हा ही शस्त्रक्रिया कशी होत असेल, हे एका बाईने लिहून ठेवलं आहे. इंग्रज लेखिका फॅनी बर्नी यांच्यावर ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये राहत्या घरी शस्त्रक्रिया झाली. सर्जन होते नेपोलियनच्या सैन्यातले लारे. काळ्या कपड्यांतले सात पुरुष खोलीत शिरले, बाईंना थोडी वाइन दिली गेली आणि चेहऱ्यावर पातळ रुमाल टाकला गेला. त्या रुमालातून त्यांना सगळं दिसत होतं. स्तन कोण धरणार, असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी स्वतःचाच हात पुढे केला. हे सगळं त्यांनी नंतर बहिणीला पत्रातून कळवलं. ते पत्र लिहायला त्यांना कित्येक महिने लागले. त्या १८४० पर्यंत जगल्या.

या प्रसंगातली एक गोष्ट मला कधी सोडून गेली नाही. नवरा त्या वेळी घराबाहेर राहील, अशी व्यवस्था बर्नी यांनी स्वतः केली होती. बाई जागी होती, म्हणून तिचा होकार तिच्याकडेच मागावा लागला. यातना अमानुष होत्या, पण निर्णय तिचा होता.

तिकडे जपानात १८०४ मध्ये हानाओका सेइशू या वैद्याने धोतऱ्यासारख्या वनस्पतींपासून बनवलेलं औषध पाजून साठीच्या एका बाईला झोपवलं आणि तिच्या स्तनाची गाठ काढली. जगात पूर्ण भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियांमधली ही नोंद असलेली पहिल्या काहींपैकी एक. पश्चिमेत ईथर या भुलीच्या औषधाचं जाहीर प्रात्यक्षिक १८४६ मध्ये बोस्टनला झालं, १८६७ मध्ये लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत आली, आणि त्यानंतर सर्जनला सावकाश, खोलवर काम करता येऊ लागलं. भूल ही बाईवर झालेली केवढी मोठी मेहेरबानी आहे हे सांगायला नको. पण बाई झोपली आणि तिच्या वतीने बोलायला दुसरी माणसं उभी राहिली, हेही त्याच वेळी घडलं.

अमेरिकी सर्जन विल्यम हाल्स्टेड यांनी १८८२ पासून जी शस्त्रक्रिया सुरू केली तिचं नाव रॅडिकल मॅस्टेक्टॉमी. त्यात स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी (म्हणजे शरीरात मुळातच असणाऱ्या लसिकाग्रंथी) असं सगळं एकत्र काढलं जाई. १८९४ मध्ये त्यांनी पन्नास रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जखमेच्या जागी पुन्हा गाठ येण्याचं प्रमाण ६ टक्क्यांवर आलं होतं. त्या काळी इतर ठिकाणी निम्म्याहून अधिक बायकांना ती पुन्हा येत असे, त्यामुळे या आकड्याचं वजन मोठं होतं. त्या बायका येत त्याच मुळी फुटायला आलेल्या मोठ्या गाठी घेऊन. अशा बाईला हाल्स्टेड यांनी खरोखरच काहीतरी दिलं, हे मान्य करायलाच हवं. किंमतही मोठी होती. कातडीखाली बरगड्या दिसायच्या, हात वर जायचा नाही, दंडापासून मनगटापर्यंत सूज उतरायची. कॅन्सर एका जागेवरून पायरी-पायरीने बाहेर सरकतो, म्हणून जितकं अधिक कापू तितकं बरं, या समजुतीवर ही पद्धत जवळपास ऐंशी वर्षं टिकली.

तिला तडे गेले ते हळूहळू. लंडनला सर्जन जेफ्री केन्स यांनी छोटी शस्त्रक्रिया आणि रेडियमचे किरण असा प्रयोग केला. १९४८ मध्ये पेटी यांनी छातीचा मोठा स्नायू जागेवर ठेवण्याची पद्धत मांडली. आज आपल्याकडे "छातीचं ऑपरेशन" म्हणून जे होतं, ते मुख्यतः याच घराण्यातलं आहे. खरा घाव मात्र अमेरिकी सर्जन बर्नार्ड फिशर यांच्या चाचण्यांनी घातला, ज्यांत रुग्णांचे गट करून उपचारांची तुलना केली गेली. कॅन्सरच्या पेशी रक्तावाटे लवकरच शरीरभर जाऊ शकतात, म्हणून अधिक कापल्याने अधिक जीव वाचत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. १९७१ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत रॅडिकल शस्त्रक्रिया झालेल्या आणि फक्त स्तन काढलेल्या बायकांच्या आयुर्मानात फरक दिसला नाही, पंचवीस वर्षं पाठपुरावा करूनही नाही. पुढच्या चाचणीत फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं, तरी जगण्याचं प्रमाण तेच राहिलं. त्याच चाचणीत वीस वर्षांत त्याच स्तनात गाठ परत येण्याचं प्रमाण रेडिएशन घेतलेल्यांत सुमारे १४ टक्के होतं, न घेतलेल्यांत ३९ टक्के. मिलानला उम्बेर्तो वेरोनेसी यांनी लहान गाठी असलेल्या ७०१ बायकांवर केलेल्या अभ्यासाचाही निष्कर्ष तोच निघाला.

पण चाचण्यांत भाग घ्यायला बायका तयार झाल्या, आणि बाहेर काही बायका भांडल्या, म्हणून हे झालं. १९७४ मध्ये अमेरिकी पत्रकार रोझ कुशनर यांना गाठ लागली. आधी फक्त तपासा, निकाल सांगा, मग मी ठरवीन, एवढंच त्यांचं मागणं होतं. एकामागून एक सर्जनांनी नकार दिला. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर तपासणी आणि शस्त्रक्रिया एकाच भुलीत झाली, आणि त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी, ज्यांत कुशनरही होत्या, ठरवलं की तपासणी आणि शस्त्रक्रिया या दोन वेगळ्या पायऱ्या हव्यात. आत्याची सही आतोबांनी केली ती याच्या नऊ वर्षांनंतर.

आपल्याकडचा इतिहास वेगळ्या वाटेने चालला. परक्या पुरुषाला छाती दाखवायची नाही, म्हणून गाठ लपवायची, ही इथली पहिली अडचण. मुंबईत १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल सुरू झालं ते स्त्री डॉक्टरांच्या हाती राहावं याच हेतूने. २८ फेब्रुवारी १९४१ ला परळला टाटा मेमोरियल उघडलं, आणि नाशिककरांसाठी कॅन्सर म्हणजे "टाटाला जाणं" हे समीकरण कित्येक दशकं राहिलं. पहाटे नाशिकरोड गाठायचं, दिवसभर रांग, रात्री कुणा नातेवाइकाकडे किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम. माझ्या आठवणीतला कॅन्सर हा रेल्वेच्या डब्यातल्या फाइलींचा आणि पिशव्यांचा आजार आहे.

आता नाशिक शहरातच किमो मिळते, रेडिएशनची यंत्रं आहेत. २०१३ च्या नोव्हेंबरपासून राज्याची जीवनदायी योजना, जी पुढे महात्मा फुले यांच्या नावाने झाली, नाशिक जिल्ह्यालाही लागू झाली, आणि रेशनकार्डावर शस्त्रक्रिया होऊ लागली. तरी सुरगाण्याहून, पेठहून येणारी बाई अनेकदा म्हणते, "पूर्णच काढा." तिला अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. गाठ काढून स्तन राखला तर बहुतेक वेळा रेडिएशन घ्यावंच लागतं. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस असे तीन ते पाच आठवडे. एसटी, बुडालेली मजुरी, घरी लहान मुलं. तिचा हिशेब चोख असतो. फक्त त्यात एक आकडा कुणी भरलेला नसतो: गाठ मोठी असली किंवा काखेत पसरली असली तर पूर्ण स्तन काढल्यावरही रेडिएशन लागतं. हे शस्त्रक्रियेआधी विचारायला हवं. मोठी गाठ किमोने आधी आकसवून स्तन राखता येईल का, हेही.

विचारायला वेळ असतो. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, ही भीती निराधार आहे. सुईने तुकडा घेऊन आजाराची जात कळली की पुढचं ठरवता येतं, आणि बहुतेक वेळा आठ-पंधरा दिवस विचारात गेल्याने बाईचं नुकसान होत नाही. कायदाही आता बाईच्या बाजूने आहे. १६ जानेवारी २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तपासणीसाठी दिलेली संमती ही अवयव काढण्याची संमती होत नाही, आणि रुग्ण भुलीत असताना, तातडीने जीव वाचवण्याचा प्रश्न नसेल तर, तिच्या आईची सही चालत नाही. ते प्रकरण गर्भाशयाचं होतं. मी ते वाचलं तेव्हा मला थिएटरचं दार आणि आतोबा दिसले.

तयारीबद्दल थोडंच सांगते, कारण ती सर्जन सांगतात. साखर आणि बीपी ताब्यात आणायची, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल न विसरता सांगायचं. आपल्या भागात आवर्जून सांगायची गोष्ट म्हणजे मिश्री आणि तंबाखू सोडायची. निकोटिनने जखम नीट भरत नाही, आणि मिश्रीची सवय बायका डॉक्टरांना सांगत नाहीत. पुढून उघडणारे ब्लाउज किंवा गाउन आधीच शिवून ठेवायचे. एक भर मात्र घालायलाच हवी, कारण ती आपल्या मुंबईतून आली. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या पुढाकाराने देशातल्या अकरा केंद्रांवर सुमारे १६०० बायकांचा अभ्यास झाला. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन हे साधं, स्वस्त बधिरीचं औषध टोचलं, तर पाच वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. आपल्या सर्जनला याबद्दल विचारावं.

आता बरं होण्याचं. वैद्यकाने याकडे सगळ्यात उशिरा पाहिलं. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या टेरीस लॅसर यांची शस्त्रक्रिया झाली आणि पुढे काय करायचं हे कुणीच सांगेना. त्यांनी स्वतः हाताचे व्यायाम शोधले आणि इतर बायकांच्या खाटेशी जाऊन शिकवू लागल्या. डॉक्टरांना ते रुचलं नाही. तरी त्यातून उभी राहिलेली चळवळ जगभर गेली.

आत्याला व्यायाम डॉक्टरांनी शिकवला नाही. शेजारच्या खाटेवर सिन्नरकडची एक बाई होती, तिने शिकवला. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटांनी कोळ्यासारखं वर चढायचं, पोचलं तिथे रेघ मारायची, उद्या रेघेच्या वर. नळी किती दिवस राहील ते रोज जमणाऱ्या पाण्याच्या मापावर ठरतं. दंडाच्या आतल्या बाजूचा बधिरपणा पुष्कळ काळ राहतो, कधी कायमचा. काखेतल्या गाठी काढलेल्या असल्या तर हात सुजू शकतो, आणि आपल्याकडे ते सगळ्यात आधी सांगतात बांगड्या. एका हातातल्या बांगड्या घट्ट वाटू लागल्या, तर वाट न पाहता दाखवायचं. भरलेला हंडा त्या हाताने उचलायचा नाही, सुई आणि बीपीचा पट्टा शक्यतो दुसऱ्या हाताला.

दुसरं दुखणं लोकांच्या नजरेचं. आमच्या गावाच्या नावाची कथाच शूर्पणखेच्या कापलेल्या नाकाची. अवयव गेला की अब्रू गेली, हा अर्थ आपल्या भाषेतच मुरलेला आहे. आत्या कित्येक वर्षं हळदीकुंकवाला गेली नाही. मलमलच्या पिशवीत राळे भरून तिने स्वतःच एक गोळा शिवला होता, पदर सारखा दिसावा म्हणून. आज हलके सुती गोळे विणून मिळतात, सिलिकॉनचे मिळतात, पाठीचा किंवा पोटाचा भाग घेऊन स्तन पुन्हा उभाही करता येतो. यातलं काहीही न करणं हाही पूर्ण निर्णय आहे.

गेल्या वर्षी आत्याच्या सुनेला गाठ निघाली. तिने दहा दिवस घेतले, दोन डॉक्टरांना भेटली, स्तन काढायचं ठरवलं आणि नाशिकमध्येच शस्त्रक्रिया करून घेतली. कागदावर सही तिची होती, नवऱ्याची खाली, साक्षीदार म्हणून. घरी आल्यावर चौथ्या दिवशी आत्याने तिला स्वयंपाकघरातल्या मोकळ्या भिंतीपाशी उभं केलं. बोटं खांद्याच्या थोडी खालीच थांबली. आत्याने तिथे पेन्सिलने रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली.