झाडीपट्टीतील अभिनेत्रीची वाखाणणी: दंडारीपासून समीक्षेपर्यंत

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांत, म्हणजेच झाडीपट्टीत, एखाद्या अभिनेत्रीला ‘अष्टपैलू’ म्हटले जाते, तेव्हा त्यामागे मुंबई-पुण्याच्या रंगभूमीपेक्षा निराळा इतिहास असतो. तो लक्षात घेतला नाही, तर अलीकडे या कलावतींच्या वाट्याला येत असलेले कौतुक नुसते सौजन्य वाटण्याचा धोका आहे.

झाडीपट्टीच्या नाटकाचे मूळ दंडार आणि खडी गंमत या लोककलांत आहे. दिवाळीनंतर धान घरात येऊ लागले, हातात थोडा पैसा खुळखुळू लागला की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, होतात आणि या जत्रांच्या रात्री उजाडेपर्यंत खेळ चालतात. हा हंगाम साधारणपणे होळीपर्यंत टिकतो. दंडारीत आणि खडी गमतीत स्त्रीपात्र पुरुषच करीत असत. ही केवळ इथलीच रीत नव्हती. ज्यांचे २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे निधन झाले, त्या राम गणेश गडकरींच्या ‘एकच प्याला’मधील सिंधूही त्याच वर्षी बालगंधर्वांनी रंगवली. नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’त १९३३ साली स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, त्याची आजही मराठी रंगभूमीच्या इतिहासातला टप्पा म्हणून नोंद घेतली जाते, यावरूनच पूर्वीची प्रथा किती घट्ट रुजलेली होती हे समजते.

या प्रथेचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. स्त्रीभूमिकेची तारीफ कशी करायची, याची मोजमापे पुरुष नटांमुळे ठरली. चाल, पदर सावरण्याची लकब, लाजणे, गळ्यातला गोडवा या गोष्टी साधल्या म्हणजे ‘हुबेहूब बाई वाटतो’ अशी पावती मिळे. प्रत्यक्ष स्त्री रंगमंचावर उभी राहिल्यावर ही पावती निरर्थक झाली, पण तिच्या जागी नवे माप लगेच आले नाही. माझ्या मते म्हणूनच सुरुवातीचे सगळे कौतुक अभिनेत्रीच्या गाण्यावर आणि नाचावर खिळून राहिले. तिने साकारलेली व्यक्तिरेखा कशी होती, हा प्रश्न कितीतरी उशिरा विचारला गेला.

खरे तर त्याचे उत्तर झाडीपट्टीच्या कामाच्या पद्धतीतच होते. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजे देसाईगंज, हे रेल्वेमार्गावरील बाजाराचे गाव या व्यवसायाचे केंद्र बनले. तिथल्या कंपन्यांशी गावातील मंडळे नाटकाचा करार करतात. आज एका गावी, उद्या दुसऱ्या गावी, आणि बरेचदा उद्याचे नाटकही दुसरेच. कलाकाराचा हिशेब ‘नाईट’वर, म्हणजे दर रात्रीच्या प्रयोगावर, चालतो. अशा फिरतीत जिला ‘लेडीज कलाकार’ म्हणतात, तिला एका रात्री सोशीक सून आणि दुसऱ्या रात्री जमीन हडपणारी कजाग जाऊ उभी करावी लागते. तिसऱ्या रात्री कदाचित विनोदी प्रवेश सांभाळावा लागतो. तालमीला वेळ तोकडा, म्हणून विंगेतील प्रॉम्प्टरवर भिस्त असते. एक वाक्य रडवेल्या आवाजात म्हणत असतानाच पुढचे वाक्य कानाने टिपायचे, ऑर्गनचा सूर मिळाला की त्याच भावावस्थेतून पदात शिरायचे, आणि पद संपले की पुन्हा संवादाच्या पट्टीत यायचे, हे सारे प्रेक्षकाला जाणवू न देता करणे ही साधी गोष्ट नाही. त्यातच गावातल्या मायच्या तोंडी ठसठशीत झाडीबोली आणि शिकलेल्या मुलीच्या तोंडी प्रमाण मराठी, असा बदलही तिला सहज पेलावा लागतो. एका साच्यातली भूमिका वर्षानुवर्षे करण्याची चैन तिला परवडतच नाही.

लेखी समीक्षा नव्हती, त्या काळातही दाद होतीच. प्रवेश रंगला की ‘वन्स मोअर’ येतो. प्रेक्षकांतून बक्षिसाची नोट आणि देणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी मंचाकडे पोचते, आणि माईकवरून ते नाव पुकारले जाते. पुढच्या वर्षी मंडळाने करार करताना अमुक अभिनेत्री हवीच असा आग्रह धरला, तर ती सर्वांत मोठी पावती. पोस्टरवर नाव कोणत्या क्रमाने आहे आणि फोटो केवढा आहे, यावरूनही तिची पत कळते. मात्र या दादेची एक मर्यादा आहे, ती म्हणजे बक्षीस बहुतेक वेळा गाण्याला आणि विनोदाला मिळते. तिसऱ्या अंकात मुलाचे प्रेत पाहूनही न रडणारी आई प्रेक्षकांना सुन्न करते, पण त्या क्षणी खिशात हात घालायचे कुणाला सुचत नाही.

हौशी रंगभूमीवर १९५४ पासून सुरू असलेल्या राज्य नाट्य स्पर्धेमुळे परीक्षकांचे निकाल आणि अभिनयाची पदके यांची सवय विदर्भालाही लागली. झाडीपट्टीची व्यावसायिक नाटके त्या चौकटीबाहेर राहिली. शिवाय मध्यरात्र उलटून गेल्यावर खेड्यातल्या मंडपात रंगणारा प्रवेश पाहायला शहरातला समीक्षक क्वचितच येई. जो येई, तो भडक रंग आणि लांबलेली गाणी तेवढी टिपून जाई. २०२३ साली गडचिरोलीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि या रंगभूमीकडे बाहेरच्यांचे लक्ष वळले. एका नटाने असंख्य भूमिका केल्या याचे तेव्हा सर्वांना अप्रूप वाटले, आणि ते योग्यच होते. त्याच मंचावर त्यांच्यासोबत उभ्या राहणाऱ्या स्त्रियांनीही तशीच विविधता सांभाळली आहे, हे त्याच दमात म्हटले गेले पाहिजे होते.

बैलांच्या शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली, तेव्हा शंकरपटाभोवतीचा नाटकांचा बाजारही झाकोळला. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिल्यावर पटाच्या रात्री पुन्हा गजबजू लागल्या. जवळजवळच्या गावांत नाटके लागत असल्याने एकच प्रेक्षक थोड्याच दिवसांत एकाच अभिनेत्रीला दोन-तीन निरनिराळ्या भूमिकांत पाहतो, आणि दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर तिची तुलना तिच्याच आधीच्या कामाशी करतो. लेखी समीक्षेला याहून चांगला पाया मिळणार नाही. त्यासाठी लिहिणाऱ्याने केवळ ‘अष्टपैलू’ म्हणून न थांबता नाटकाचे नाव, गाव आणि तो विशिष्ट प्रवेश नोंदवला पाहिजे, आणि आवाज कुठे उतरला, नजर कुठे थांबली, बोली कुठे बदलली, हे सांगितले पाहिजे.