गार पाणी, गढूळ पाणी आणि शनिवार-रविवारची आखणी

पावसाळा सरून समुद्र शांत झाला की बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतले अनेक तरुण शनिवार-रविवार गाठून घाट उतरतात. कोणी आंबोलीमार्गे तारकर्लीला जातात, कोणी चोर्ल्यामार्गे गोव्यात, तर कोणी कारवार ओलांडून मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटापर्यंत जातात. याच घरांतली काही मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ब्रिटनमध्ये असतात आणि इथे शिकलेले स्कूबा डायव्हिंग तिथल्या थंड पाण्यात, लेस्टरशायरमधल्या स्टोनी कोव्हसारख्या पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणींत, पुढे चालू ठेवतात. दोघांचाही पहिला प्रश्न एकच असतो, तो म्हणजे पाण्याखाली किती लांबचे दिसेल. शनिवारच्या दृश्यतेविषयीच्या या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर गुरुवारी कोणालाही देता येत नाही, आणि तरीही सगळी आखणी त्याच एका प्रश्नाभोवती फिरते. गारवा आणि गढूळपणा या दोन सुट्या अडचणी मानून एकीसाठी जाड सूट आणि दुसरीसाठी मोठा टॉर्च घेतला की तयारी झाली असे समजले जाते. प्रत्यक्षात या दोन्ही अडचणी एकमेकींना वाढवतात, आणि म्हणून त्यांचा हिशेबही एकत्रच मांडावा लागतो.

पाणी गढूळ का होते, हे आधी पाहू. पाण्यातला प्रकाश दोन कारणांनी कमी होतो. काही प्रकाश पाणी शोषून घेते आणि काही प्रकाश तरंगत्या कणांवर आदळून इतस्ततः विखुरतो. शोषणात लाल रंग आधी जातो, त्यामुळे पहिल्या पाच-दहा मीटरांतच सगळे निळसर-हिरवट दिसू लागते. परंतु दृश्यता खरी बिघडते ती विखुरण्यामुळे. आंबोलीच्या धुक्यात गाडीचा दिवा प्रखर केला की समोर रस्त्याऐवजी पांढरी भिंतच दिसते, तोच प्रकार गढूळ पाण्यात टॉर्चच्या बाबतीत घडतो, कारण प्रकाश समोरच्या वस्तूपर्यंत पोहोचण्याआधी कणांवरून उलटा डोळ्यांत येतो. म्हणून मोठा टॉर्च हे गढूळ पाण्यावरचे उत्तर नाही. अरुंद झोताचा टॉर्च डोळ्यांच्या रेषेपासून शक्य तितका बाजूला धरणे अधिक उपयोगी ठरते.

हे कण किती काळ तरंगत राहतील, हे त्यांच्या आकारावर ठरते. आकार निम्मा झाला की स्थिर पाण्यात तळाशी बसण्याचा वेग एक चतुर्थांश होतो. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण सेकंदाला आठ-नऊ मिलिमीटर खाली जातो, म्हणजे दहा मीटरांचे अंतर वीस मिनिटांत कापतो. दोन सहस्रांश मिलिमीटरचा चिकणमातीचा कण मात्र पूर्ण दिवसात जेमतेम ३० सेंटिमीटर उतरतो. पाऊस थांबून आठवडा झाला तरी एखादी खाण किंवा तलाव लालसरच का दिसतो, याचे कारण या आकड्यांत आहे. समुद्रात थोडा फरक पडतो. खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून त्यांचे मोठे पुंजके होतात आणि ते लवकर खाली बसतात. म्हादई खानापूर तालुक्यातल्या जंगलात उगम पावून गोव्याच्या समुद्राला मिळते, त्यामुळे पणजीजवळच्या मुखाशी दिसणाऱ्या तांबूस पाण्यात आपल्याच तालुक्यातल्या जांभ्या मातीचाही वाटा असतो. पावसानंतरच्या काळात नदीच्या मुखापासून दूरचे ठिकाण निवडावे, एवढा बोध तरी यातून घेता येतो. नेत्राणी किनाऱ्यापासून जवळजवळ वीस किलोमीटर आत असल्यामुळे तिथले पाणी अनेकदा किनाऱ्यालगतच्या पाण्यापेक्षा निवळ असते.

माती नसतानाही पाणी धूसर होते, कारण वनस्पतिप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची, वाढ झाली की तेच कणांचे काम करतात. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खोलवरचे गार आणि पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते, त्यावर प्लवक पोसतात, आणि त्या गार पाण्याचा थर पावसाळा संपता संपता तळाशी रेंगाळतो. म्हणूनच हंगामाच्या सुरुवातीला वर कोमट आणि खाली एकदम गार असा अनुभव येतो. थरांच्या सीमेवर कणही साचतात, त्यामुळे वरून निवळ वाटलेले पाणी दहा मीटरांखाली धूसर निघू शकते, आणि याच्या उलटही घडते.

याहून कमी लक्षात घेतली जाणारी गोष्ट म्हणजे दूरवरून येणाऱ्या लाटा. लाटेमुळे होणारी पाण्याची हालचाल लाटेच्या लांबीच्या सुमारे निम्म्या खोलीपर्यंत पोहोचते. पाच सेकंदांनी येणाऱ्या स्थानिक वाऱ्याच्या लाटेची लांबी साधारण ३९ मीटर असते, म्हणजे ती वीस मीटरांपर्यंतच ढवळते. दहा सेकंदांनी येणाऱ्या लाटेची लांबी खोल समुद्रात १५६ मीटर भरते आणि तिचा प्रभाव ७८ मीटरांपर्यंत जातो. त्यामुळे किनाऱ्यावर वारा पडलेला असला आणि समुद्र वरून संथ दिसत असला, तरी दूर दक्षिणेकडच्या वादळाने उठवलेली बेताच्या उंचीची लांब लाट तळाचा गाळ वर आणू शकते. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र लाटांचे अंदाज प्रसिद्ध करते. त्यात लाटेची उंची सगळे पाहतात, पण डायव्हरने तिच्या शेजारचा सेकंदांचा आकडा आधी वाचावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

भरती-ओहोटीचे गणित त्या मानाने सरळ आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोरात असतात आणि गाळ उठतो, तर अष्टमीच्या आसपासच्या भांगात पाणी कमी हलते. एका उधाणापासून दुसऱ्या उधाणापर्यंत सुमारे पावणेपंधरा दिवस जातात, त्यामुळे हा शनिवार भांगाचा असेल तर एक शनिवार सोडून येणारा पुढचा शनिवारही बहुधा तसाच असतो. प्रवाह थांबण्याची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे ध्यानात ठेवले की शनिवारच्या वेळेवरून रविवारची वेळ ठरवता येते. इतके सारे पाहूनही अंदाज चुकू शकतो, म्हणून बोटीवरून शेवटची तपासणी करावी. इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते हे मोजण्याची पद्धत रूढ केली. वजन बांधलेली पांढरी ताटली आणि मीटरच्या खुणा केलेली दोरी एवढ्यावर हे आजही करता येते. त्यातून आडव्या दिशेची दृश्यता नेमकी कळत नाही, पण पाण्यात उतरायचे की नाही या निर्णयाला आधार मिळतो.

आता गारव्याकडे वळू. स्थिर पाणी स्थिर हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. उघड्या शरीराला विश्रांतीत उष्णता न गमावता राहण्यासाठी पाणी जवळजवळ ३३ ते ३५ अंश सेल्सिअस लागते, म्हणजे तारकर्लीचे २७ अंशांचे पाणीही शरीराची ऊब काढतच असते. तिसऱ्या डाइव्हनंतर दात वाजतात ते यामुळेच. ब्रिटनमधल्या खाणीत हिवाळ्यात चार-सहा अंशांचे पाणी असते आणि तिथे प्रश्न वेगळ्या पातळीवर जातो. थंड पाण्याचा पहिला स्पर्श होताच श्वास अनावरपणे ओढला जातो आणि पुढची एक-दोन मिनिटे श्वसन वेगाने चालते. हा भर ओसरेपर्यंत पृष्ठभागावरच थांबावे. निओप्रिनच्या, म्हणजे फेसाळ रबराच्या, सूटची ऊब त्यातल्या वायूच्या बारीक बुडबुड्यांमुळे असते, आणि दहा मीटरांवर दाब दुप्पट झाला की त्या बुडबुड्यांचे आकारमान सुमारे निम्मे होते. जिथे पाणी सर्वांत गार, तिथेच सूट सर्वांत पातळ, अशी ही अडचण आहे. म्हणून दहा-बारा अंशांखाली अंग कोरडे ठेवणारा ड्रायसूट वापरतात, आणि त्याचे वेगळे प्रशिक्षण घ्यावेच लागते.

उपकरणांनाही थंडी बाधते. सिलिंडरमधली २०० बार दाबाची (एक बार म्हणजे साधारण समुद्रसपाटीवरच्या हवेइतका दाब) हवा रेग्युलेटरच्या, म्हणजे हवेचा दाब उतरवून ती श्वासासाठी तोंडाशी देणाऱ्या उपकरणाच्या, पहिल्या टप्प्यात एकदम प्रसरण पावते आणि प्रसरण पावताना शून्याच्या खाली गार होते. भोवतीचे पाणी गोडे आणि चार-पाच अंशांचे असेल, तर तिथे बर्फ धरून झडप उघडी अडकते आणि हवा सुसाट वाहू लागते. असे झाले की भरलेला सिलिंडरही काही मिनिटांत रिकामा होतो. युरोपीय मानकानुसार ज्या रेग्युलेटरची थंड पाण्यातली चाचणी झालेली नाही, त्यावर १० अंशांपेक्षा अधिक तापमानासाठीच असल्याची खूण असते. आपल्याकडे घेतलेला रेग्युलेटर सोबत नेणाऱ्या विद्यार्थ्याने ती खूण आधी पाहावी. शिवाय ३० अंशांच्या उन्हात २०० बारपर्यंत भरलेला सिलिंडर १० अंशांच्या पाण्यात सुमारे १८७ बारच दाखवतो. हवा गळालेली नसते, पण हाताशी असलेला दाब तेवढाच राहतो आणि हिशेब त्यावरच करावा लागतो.

गारवा आणि गढूळपणा एकमेकांना कसे वाढवतात, हे आकड्यांनी दाखवता येते. समजा, दोन जोडीदार २० मीटरांवर आहेत आणि एकाची हवा संपल्यामुळे दोघांना दुसऱ्याच्या १२ लिटरच्या सिलिंडरवर वर यायचे आहे. घाबरलेल्या अवस्थेत प्रत्येकाला पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला ३० लिटर हवा लागेल असे धरू. २० मीटरांवर दाब तिप्पट असल्यामुळे तळाशी सावरण्याच्या एका मिनिटात १८० लिटर जातात. मिनिटाला नऊ मीटर वेगाने वर येताना साधारण २६७ लिटर आणि पाच मीटरांवरच्या तीन मिनिटांच्या थांब्यात २७० लिटर लागतात. एकूण ७१७ लिटर, म्हणजे १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये ६० बार. आता पाणी गढूळ असल्यामुळे जोडीदाराचा पर्यायी रेग्युलेटर चटकन दिसत नाही, आणि बोटे बधिर झाल्यामुळे तो अडकवलेल्या जागेवरून निघत नाही. एकाऐवजी दोन मिनिटे गेली की राखीव हवा ७५ बारवर जाते, आणि हे थंडीमुळे वाढणारा श्वसनाचा वेग न धरता. बोटांच्या त्वचेचे तापमान १५ अंशांखाली गेले की बारीक कामे जमेनाशी होतात, आणि गढूळ पाण्यात डोळ्यांचे बरेचसे काम बोटांवरच येऊन पडते. हरवलेल्या जोडीदाराला एक मिनिट शोधावे आणि नाही सापडला तर वर यावे, हा नेहमीचा नियम अशा पाण्यात जास्त वेळा पाळावा लागतो, म्हणजे जास्त वेळा वर येणेही आलेच.

म्हणून मर्यादा शुक्रवारी रात्री, उबदार खोलीत बसून ठरवाव्यात. कुडकुडणाऱ्या माणसाचा निर्णय चांगला नसतो आणि बोटीचे पैसे भरलेल्या माणसाचा तर त्याहून नसतो. नवशिक्या गटासाठी माझे मत असे आहे की तबकडी तीन मीटरांच्या आत दिसेनाशी झाली तर उतरूच नये, आणि ती पाच-सहा मीटरांपर्यंत दिसली तरी खोली व वेळ दोन्ही कमी करावेत. पहिला डाइव्ह अधिक खोल आणि दुसरा उथळ ठेवावा, मधल्या वेळात ओला सूट काढून टाकावा, गरम पेय घ्यावे. ही केवळ सोय नाही. अमेरिकी नौदलाच्या डायव्हिंग संशोधन केंद्राने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तळाशी उबदार आणि वर येताना गारठलेल्या डायव्हरांना दाबमुक्तीचा आजार (खोलवर श्वासातून शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे वर येताना दाब घटल्यामुळे बुडबुडे होऊन होणारा त्रास) अधिक प्रमाणात झाला, तर उलट क्रमात तो बराच कमी झाला. गारठल्यावर हातापायांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तिथे विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो.

बेळगावकरांसाठी हा नायट्रोजन आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरांवर आहे आणि तिथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी असतो. डायव्हिंगनंतर विमानप्रवासासाठी रूढ असलेली मार्गदर्शक तत्त्वे ६१० मीटरांपासून पुढच्या उंचीला लागू होतात. एका साध्या डाइव्हनंतर १२ तास आणि एकापेक्षा अधिक डाइव्हनंतर किंवा सलग दिवसांच्या डायव्हिंगनंतर १८ तास थांबावे, असे ती सांगतात. आंबोली आणि चोर्ला हे दोन्ही घाटमाथे या उंचीच्या वर आहेत, आणि दाब विमानामुळे कमी झाला की मोटारीमुळे, याने शरीरातल्या नायट्रोजनला काही फरक पडत नाही. कमी नायट्रोजन साठलेल्या डायव्हरला यापेक्षा लवकर उंचीवर जाण्याची मुभा देणारे अमेरिकी नौदलाचे तक्ते आहेत, पण ते वाचण्याचे शिक्षण घेतलेल्यानेच वापरावेत.

या तासांवरून परतीची वेळ आपोआप ठरते. रविवारचा शेवटचा डाइव्ह सकाळी ११ वाजता संपला तर १८ तास सोमवारी पहाटे ५ वाजता भरतात, आणि तेव्हा किनारा सोडला की कामाच्या वेळेपर्यंत बेळगाव गाठता येते. रविवारी संध्याकाळी घरी पोहोचणे भागच असेल, तर सर्व डायव्हिंग शनिवारी दुपारी १ वाजेपर्यंत आटोपावे आणि रविवार किल्ल्यासाठी किंवा पाण्याच्या पृष्ठभागावरच्या पोहण्यासाठी ठेवावा. प्रत्येक डाइव्हची खोली, वेळ आणि पाण्याचे तापमान कागदावर लिहून गाडीत ठेवावे. घाट चढताना किंवा घरी पोहोचल्यावर सांध्यांत दुखू लागले, हातापायांना मुंग्या आल्या, अशक्तपणा किंवा तोल जाणे जाणवले, तर तो प्रवासाचा शीण समजून झोपी जाऊ नये. ताबडतोब रुग्णालयात जाऊन डायव्हिंग केल्याचे सांगावे, तो कागद डॉक्टरांच्या हाती द्यावा आणि शुद्ध ऑक्सिजन सुरू करण्याची विनंती करावी.