डिस्क आणि बूस्टर: जुन्या गाडीच्या ब्रेकमधले दोन वेगळे बदल

सोलापुरात जुनी पद्मिनी किंवा ॲम्बेसिडर बाळगणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं: "गाडीला पॉवर ब्रेक करून घ्यायचाय." खोदून विचारलं की कळतं, कुणाला पुढच्या चाकांना डिस्क हवी आहे, तर कुणाला नुसतं पेडल हलकं हवं आहे. पुष्कळांना ही दोन्ही कामं एकच वाटतात. ती एक नाहीत, आणि या गोंधळात पैसे तर जातातच, पण गाडी आधीपेक्षा धोकादायकही होऊ शकते.

डिस्क (चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी) हा चाकापाशी केलेला बदल, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) हा पेडलापाशी केलेला.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं बंद भांडं; आतल्या वाकड्या पट्ट्यांवरचं (शूवरचं) घर्षणाचं अस्तर, म्हणजे लायनर, त्याला आतून घासलं की गाडी थांबते. तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेकवर पाय सतत राहिला की आतली उष्णता बाहेर पडत नाही. ड्रम तापून फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब सरकतो, आणि पेडल खाली खाली जाऊ लागतं. तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली तर पहिले एक-दोन ब्रेक पोकळ जातात. डिस्क उघडी असते. तिची उष्णता वाऱ्यावर जाते, पाणी बाहेर फेकलं जातं. १९५३ साली ल मान्सची २४ तासांची शर्यत जग्वारने जिंकली ती डिस्क लावलेल्या सी-टाइप या शर्यतीच्या गाडीवर. इतरांपेक्षा उशिरा ब्रेक मारून वळणात शिरता येणं आणि तासन्‌तास तसंच करता येणं, हा तिचा मोठा फायदा होता.

पण ड्रममध्ये एक गुण आहे जो डिस्कमध्ये नाही. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच आत ओढून घेतो, त्यामुळे पायाचा थोडा जोर पुरतो. डिस्कमध्ये पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या घर्षणाच्या वड्या) सरळ दाबले जातात. अशी आयती मदत मिळत नाही. म्हणून नुसती डिस्क बसवून घेतलेली गाडी चालवताना "पेडल दगडासारखं झालंय, आधीचाच ब्रेक बरा होता" असं वाटतं. डिस्क खराब नसते. तिला लागणारा दाब पायातून येत नसतो.

तो दाब बूस्टर देतो. मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग; त्याच्यामागचा तो गोल काळा डबा इंजिनाच्या व्हॅक्यूमवर (हवा ओढून झालेल्या पोकळीवर) चालतो. म्हणूनच डिझेल ॲम्बेसिडरवाल्यांनी सावध राहावं: डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही, तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. पंपाशिवाय लावलेला बूस्टर म्हणजे शोभेची वस्तू. बूस्टर चालतो का हे घरीच कळतं. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबा, पाय तसाच ठेवून गाडी सुरू करा; पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. आणि डिझेल वाचवायला इंजिन बंद करून घाट उतरणाऱ्यांना कळकळीचं सांगणं: दोन-तीन दाबांत साठलेला व्हॅक्यूम संपतो, मग सगळा भार पायावर.

उलट, ड्रम तसेच ठेवून फक्त बूस्टर लावला तर पेडल हलकं होईल, गुडघ्याला आराम पडेल. घाटात ड्रम मात्र तितकाच तापेल.

तिसरी गोष्ट, जी कामात सर्वांत जास्त वेळा राहून जाते, ती मास्टर सिलिंडरची. ड्रमसाठीच्या अनेक मास्टर सिलिंडरांत लाइनमध्ये (ब्रेक ऑइलच्या नळीत) थोडा दाब, चौरस इंचाला साधारण १० पौंड, धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. ड्रममध्ये शू मागे ओढायला स्प्रिंग आहेत, तिथे तो दाब चालतो. डिस्कला स्प्रिंग नाहीत. पॅड घासत राहतात, डिस्क तापते, आणि दोष येतो कॅलिपरवर, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागावर. कॅलिपरला ब्रेक ऑइलही जास्त लागतं. त्यामुळे डिस्क घ्यायची तर तिला जुळणारा मास्टर सिलिंडर आणि बूस्टर हिशेबात आधीच धरा.

माझं मत विचाराल तर, गाडी नवी पेठ ते सात रस्ता एवढीच फिरत असेल तर डिस्क नको. ड्रम लेथवर साफ करून घ्या, लायनर आणि रबर किट नवं टाका, ब्रेक ऑइल बदला. नवं डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल २०५ अंशांच्या पुढे उकळतं, पण हवेतली ओल शोषलेलं १४० च्या आसपासही उकळू शकतं; जुन्या गाड्यांचे कितीतरी "कमजोर ब्रेक" हे इतकंच असतं. पुण्याच्या किंवा हैदराबादच्या हमरस्त्यावर वेगाने जायचं असेल तर पुढे डिस्क जरूर लावा, बूस्टरसकट. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

मागचे ड्रम राहू द्या. हँडब्रेकची केबल तिथेच आहे आणि ब्रेक मारताना वजन पुढे झुकत असल्याने मुख्य काम पुढची चाकंच करतात. फक्त काम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात जोरात ब्रेक मारून बघा. मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरत असेल तर मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.