‘व्यर्थवादी’ : एका कोपरखळीची कुळकथा

‘फ्युटिलिटेरियन’ हा शब्द इंग्रजीतही क्वचितच भेटतो. माणसाची सगळी धडपड फुकट, असं मानणारा तो फ्युटिलिटेरियन. शब्द जन्मला मात्र टवाळीतून. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमच्या (१७४८–१८३२) पंथाला ‘युटिलिटेरियन’ म्हणत. त्याच्या आधी नुसता ‘फ’ चिकटवला आणि उपयुक्ततावाद्यांचे व्यर्थवादी झाले! वापराची नोंद १८२७ पासूनची आहे. मुळाशी लॅटिन ‘फुटिलिस’, म्हणजे सहज सांडून जाणारं. आपण पालथ्या घड्यावर पाणी म्हणतो. तिकडे घडाच गळका.

मराठीत ही कोपरखळी उतरत नाही. ‘अनुपयुक्ततावादी’ केलं तर जीभ अडखळते आणि अर्थही घसरतो. ज्यांच्यावर ती मारली, ते मात्र सातारकरांना परके नाहीत. कराडजवळच्या टेंभूत १८५६ साली जन्मलेल्या आगरकरांच्या विचारांवर याच पंथातला मिल आणि स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांची छाप होती.

कल्पना मात्र आपल्याकडे फार जुनी. बुद्ध-महावीरांचा समकालीन मक्खली गोसाल म्हणे, पुरुषार्थ वगैरे काही नसतं. सुताचा गुंडा फेकला की सूत संपेपर्यंत तो उलगडत जातो. तसे शहाणे आणि मूर्ख दोघंही ठरलेले जन्म भोगूनच सुटतात. गंमत म्हणजे याच आजीविकांची, म्हणजे गोसालाच्या पंथातल्यांची, तपश्चर्या मोठी कडक असे! त्यांना ‘नियतिवादी’ म्हणतात आणि तेच बरोबर आहे. ‘व्यर्थवादी’ला ‘दैववादी’ही चालत नाही. दैववाद्याचं दैव कधी फळतंही, व्यर्थवाद्याला तेवढीही आशा नसते.

भाषांतरात सर्वांत जास्त घोटाळा होतो तो ‘शून्यवादी’ने. हा शब्द बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या ‘माध्यमिक’ नावाच्या मताला चिकटलेला आहे आणि तिथे शून्यता म्हणजे स्वतंत्र स्वभावाचा अभाव, प्रयत्नांची व्यर्थता नव्हे. ‘निराशावादी’ही नेमका नाही. वाईट होईल असं त्याला वाटतं. काही केल्याने फरक पडेल की नाही, याबद्दल तो बोलतच नाही.

आटपाडीचा शेतकरी जमिनीत बोटं खुपसून म्हणाला, “ओल न्हाई, आत्ता पेरून उपयोग न्हाई,” तर तो हिशेब झाला. व्यर्थवादी ओल बघायला वाकतच नाही. “पेरलं काय, न्हाई पेरलं काय, सारखंच,” असं तो बांधावरूनच सांगतो.